होरी आली का?

मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. पनवेलच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होते. दिवसभर "हां, बोला" म्हणायचं आणि लोकांचे फोन जोडून द्यायचे, एवढंच माझं काम. तरी हल्ली सोसायटीतल्या बायका मला जिन्यात गाठतात. "अलकाताई, आमच्या सासऱ्यांचंही तसंच सुरू झालंय हो. तुम्ही कसं केलंत?" मग मी पिशवी खाली ठेवून बोलत बसते आणि वर घरी भात करपतो. म्हणून म्हटलं, एकदाचं लिहूनच काढावं. ज्यांच्या घरी हे चाललंय त्यांनी वाचा. ज्यांच्या घरी नाही त्यांनीही वाचून ठेवा, सांगता येत नाही.

दोरीवरच्या पोळ्या

माझ्या सासूबाई, म्हणजे आई, करंजाच्या. जन्म बंदरावर, लग्नही बंदरावरच. बाबांची, म्हणजे सासऱ्यांची, स्वतःची होडी होती. तिला त्यांच्या बोलीत होरी म्हणतात. बाबा दर्यावरून मासळी आणायचे, आई धक्क्यावर विकायच्या आणि उरलेले बोंबील बांबूवर वाळत घालायच्या. रोज संध्याकाळी किनाऱ्यावर उभं राहून होरी आली का बघायचं आणि ती दिसल्याशिवाय घास तोंडात घालायचा नाही, हा आईंचा नेम.

मी साताऱ्याची. आमच्याकडे अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नसे. हरेशशी मी लग्न ठरवलं तेव्हा माझ्या माहेरच्यांनी बोलणंच टाकलं. आईंनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि एवढंच विचारलं, "बाय, तू नुसता पाला खातेस? मग उभी कशी ऱ्हातेस गो?" तिथून आमचं जमलं ते जमलंच.

पुढे हरेशला न्हावा शेव्याच्या बंदरात क्रेनवर नोकरी लागली. बाबांचे गुडघे गेले, होडी विकावी लागली आणि आम्ही सगळे नवीन पनवेलच्या फ्लॅटमध्ये आलो. नव्वद सालानंतरची ही गोष्ट. चौथा मजला. खाली वाळूचे ढीग आणि लांबवर कंटेनरच्या लॉऱ्या. संध्याकाळ झाली की आई गॅलरीत उभ्या राहायच्या. मला वाटायचं, हवा खातायत.

एक दिवस ड्यूटीवरून आले तर गॅलरीतल्या दोरीवर माझ्या सकाळच्या सगळ्या पोळ्या! एकेकीला चिमटा लावलेला.

"आई, हे काय?"

"दिसत नाय? ऊन हाय तवर सुकवते. मागनं पानी आलं तं कुजतील."

मी पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशी एक्सचेंजमध्ये सगळ्यांना सांगून पुन्हा हसले. त्यानंतर गॅस उघडा राहिला, लुगड्याऐवजी चादर नेसून झाली, आणि एकदा माझ्याच हातून चहा घेताना आईंनी गोड हसून विचारलं, "बाय, तू कोनाची गो?" त्या दिवशी मात्र मला हसू आलं नाही. मोरीत जाऊन रडले.

पंतप्रधान कोण?

मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आईंना आजचा वार विचारला. आई म्हणाल्या, "बाजाराचा." त्यांनी पंतप्रधानांचं नाव विचारलं. आईंनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "तो बदलला तं मासली सस्ती व्हते का?" डॉक्टर हसले. मी पण हसले. मला वाटलं, पास झाल्या आई.

मग त्यांनी आईंना बाहेर बसवलं आणि आम्हाला सांगितलं की हा म्हातारपणाचा विसराळूपणा नाही, हा मेंदूचा आजार आहे, डिमेन्शिया. वाढत जाणार. माणसं विसरतील, मग जागा, मग गिळायचंही.

"औषध?" मी विचारलं.

"प्रेमानं वागवा," ते म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, प्रेमाने वागवायला आम्हाला मुंबईला यायला लागतं होय? तिथे नुसती मान हलवून आले. बाबांनी घरी आल्यावर विचारलं, "काय बोलला डाक्टर?" हरेश म्हणाला, "काय नाय. वयानं होतंय." बाबांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली आणि तिच्याकडे बघत बसले. सगळं कळलं होतं त्यांना.

पडल्या

दोनेक वर्षं निभावलं. मग एका सकाळी गॅलरीत काहीतरी वाळत घालायला स्टुलावर चढल्या आणि पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. जुन्या पनवेलमधल्या एका नर्सिंग होममध्ये नेलं. ऑपरेशन लगेच करायचं ठरलं.

ऑपरेशनच्या आधीचं जे झालं ते नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

थिएटरमध्ये अंगावर काही चालत नाही. गुंगीचं इंजेक्शन दिलेलं होतं, आईंचे डोळे अर्धे मिटलेले. तिथल्या मदतनीस मावशी आल्या, सिस्टर आल्या, मी होतेच. मंगळसूत्र काढून माझ्या रुमालात बांधलं. उजव्या हातातलं चांदीचं कडं साबण लावून काढलं. कपाळावरचं मोठं कुंकू स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं. डाव्या हातातल्या हिरव्या बांगड्या काही निघेनात, मनगट सुजलेलं. तेव्हा मावशींनी खाली कापड धरलं आणि चिमट्याने एकेक फोडली. मी हात धरून होते. आईंनी एकदा डोळे उघडून हाताकडे बघितलं. मी म्हटलं, "झालं हं आई, झालं." त्यांनी पुन्हा डोळे मिटले.

सगळीकडे असंच करतात. कुणाचं काही चुकलं नव्हतं.

ती दुसरीच बाई

ऑपरेशन छान झालं. आणि दुसऱ्या दिवसापासून आई आई राहिल्या नाहीत.

पलंगावरून उठायला बघायच्या. सलाईनची सुई उपटली. ओरडणं असं, की पलीकडच्या खोलीतली बाळंतीण घाबरून रडायला लागली. नुसतं ओरडणंही नाही, त्याला सूर होता. लांबलचक, हेल काढून, मधेच बाबांचं नाव. डाव्या हाताने कपाळ घासायच्या, मग तो हात पलंगाच्या कडेवर आपटायच्या. शेवटी त्यांचे दोन्ही हात बँडेजच्या पट्टीने पलंगाला बांधले.

तिथल्या डॉक्टरांनी समजावलं ते इथे सांगून ठेवते, कारण आम्हाला कुणी आधी सांगितलं नव्हतं आणि आम्ही अर्धमेले झालो होतो. आधीचा आजार असलेल्या म्हाताऱ्या माणसाला ऑपरेशन, ताप, नवी जागा, यातलं काहीही झालं की असा भ्रम होऊ शकतो. त्याला ते डिलिरियम म्हणाले. तो बहुतेक वेळा उतरतो. खोलीत उजेड ठेवा, घरचंच एक माणूस सतत जवळ बसवा, गर्दी नको, वाद नको. पण त्यांची खरी काळजी वेगळीच होती.

"त्या खात का नाहीत?" त्यांनी विचारलं.

आई काही म्हणजे काही खात नव्हत्या. चमचा नेला की ओठ घट्ट. पाणीसुद्धा ओठावरून ओघळून जायचं. पेज केली, चहा केला, हरेशने सुकटीचं कालवण आणलं. नाही! औषधाची गोळी थुंकून टाकायच्या. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. ती त्या उपटणार, पुन्हा घालावी लागणार. "अंगात ताकद नाही हो. नुसत्या सलाईनवर किती दिवस काढणार? त्यांनी खाल्लं पाहिजे, नाहीतर हातच्या जातील."

बाबा पलंगाशेजारच्या स्टुलावर बसून असायचे. टोपी गुडघ्यावर. एकदा आई जरा शांत होत्या तेव्हा ते वाकून म्हणाले, "हिरे, मी हाय ना गो. बघ तरी."

आईंनी त्यांच्या पांढऱ्या दाढीकडे बघितलं. परक्या माणसाशी बोलतात तसं अदबीने म्हणाल्या, "बाबा, तुमी कोनाचे ते मना ठावं नाय. माजा मानूस दर्यान गेला. मना आता काय घालू नका तोंडात."

बाबा उठून बाहेर गेले. पायऱ्यांवर बसले होते, मी मागोमाग गेले. म्हणाले, "पोरी, माज्या देखत मना मारलान तिनं." आणि पोरासारखे रडले.

घरात आमचंही धड नव्हतं. हरेश म्हणायचा, झोपेचं इंजेक्शन देऊ देत, निदान तिला त्रास नको. मी म्हणायचे, झोपून राहिली तर खाणार कधी? तो म्हणाला, "तुझी आई नाही ती, तुला काय!" मी म्हटलं, "माझी आई फोन ठेवून देते माझा. हीच आहे मला."

हात सोडले

आमच्या सिस्टर मोठ्या कडक होत्या. सुमन सिस्टर. चप्पल दाराबाहेर, डबा टेबलाखाली, आणि आवाज एकदम कमी. माझं आणि त्यांचं पहिल्या दिवसापासून वाजलं होतं. त्या दुपारी आईंच्या मनगटावर पट्टीचे वळ बघितले आणि माझा तोल गेला.

"गुरं बांधतात का अशी?"

"मग तुम्ही बसा धरून!" त्या पण काही कमी नव्हत्या. "सुई उपटली की रक्त पुसायला मी. वीस कामं आहेत मला."

"बसते! सोडा हात."

मला वाटलं भांडतील. पण त्यांनी खरंच पट्ट्या सोडल्या आणि स्वतः पण दोन मिनिटं उभ्या राहिल्या. आईंनी सुई उपटली नाही की काही नाही. उजव्या हाताने डावं मनगट चाचपलं. वरून खाली, खालून वर. सुई त्याच हाताला होती, पण तिला बोट लावलं नाही. मग गळा चाचपला. मग कपाळ. आणि तो सूर लागला, हेल काढून.

मी मेलेल्या माणसाच्या घरी गेलेली आहे, मला तो सूर माहीत होता. बायका जमल्या, मंगळसूत्र काढलं, कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या. अर्ध्या गुंगीत आईंनी हेच बघितलं होतं. भ्रम म्हणा नाहीतर काही म्हणा, त्यांच्या हिशेबी बाबा गेले होते. नवरा दर्यात गेलेली बाई कुणी चमचा पुढे केला म्हणून पेज पिईल?

मी सिस्टरना सांगितलं. त्या हळूच म्हणाल्या, "अरे देवा."

माझी हुशारी

मी तशीच बाजारात कासाराकडे गेले आणि हिरव्यागार बांगड्या घेऊन आले. सिस्टर काचेला तयार होईनात. "आपटल्या तर? हात कापला तर?" मी गयावया केली. शेवटी म्हणाल्या, "घाला, पण डाव्या हाताला सलाईन आहे, त्याला हात लावायचा नाही."

मग काय, उजवा हात मोकळाच होता. मी साबण लावून उजव्या हातात भरल्या. कपाळावर कुंकू टेकवलं. रुमालातलं मंगळसूत्र गळ्यात घातलं. आणि मोठ्या ऐटीत बाबांकडे बघितलं.

आईंनी हात डोळ्यांसमोर धरला. त्यांचे डोळे असे विस्फारले की मी मागे सरले. किंचाळी फुटली आणि हात पलंगाच्या लोखंडी कडेवर खाड्‌कन! चादरभर काचा. सिस्टर धावत आल्या. "सांगितलं नव्हतं मी? सांगितलं नव्हतं?" मी काचा वेचत होते आणि रडत होते.

तेवढ्यात बाबा उभे राहिले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला.

"त्या हातान कशाला भरल्यास? त्या हाताच्या दर्याला दिल्यान तिनं!"

मग बाबांनी सांगितलं. लग्नात नवरीच्या उजव्या हातातल्या काचेच्या बांगड्या काढून दर्यात सोडायच्या. तुझ्या या तुला, माझा नवरा मला, असं दर्याला सांगायचं. मग जन्मभर त्या हातात काच चढवायची नाही. हे सगळीकडे होतं का मला ठाऊक नाही, पण त्यांच्या घरी होतं. आणि मी उजवा हातच भरून ठेवला होता! म्हणजे दर्याने बांगड्या परत केल्या. म्हणजे सौदा मोडला.

इतकी वर्षं एका घरात राहिले, त्या हाताने वाढलेलं जेवले. उजव्या हातात चांदीचं कडं आणि डाव्यात काच, ही मला आपली आईंची आवड वाटायची. कुणी सांगेल तर ना! त्यांच्यासाठी ते श्वास घेण्याइतकं साधं, ते कशाला सांगतील.

सुमन सिस्टर कमरेवर हात ठेवून ऐकत होत्या. त्यांनी उरलेल्या काचा झटकल्या, नवी सुई आणली आणि सलाईन उजव्या हाताला लावलं. डावा हात पुसून कोरडा केला आणि म्हणाल्या, "आता लवकर. डॉक्टर राउंडला यायच्या आत."

कासाराच्या बांगड्या थोड्या उरल्या होत्या. मी पुढे झाले तर बाबा म्हणाले, "दे मना." जाळी विणून जाड झालेली त्यांची बोटं. साबण लावून, आईंची बोटं एकत्र दाबून, त्यांनी एकेक बांगडी चढवली. एकही फुटली नाही. आई बघत होत्या. बांगडी मनगटावर आली की दुसऱ्या हाताच्या बोटाने चाचपायच्या. मग कितीतरी वेळ नुसत्या हाताकडे बघत राहिल्या.

आणि विचारलं, "होरी आली?"

बाबा माझ्याकडे बघायला लागले. मी 'हो' अशी मान हलवली.

"आली," बाबा म्हणाले. "म्हावरं लय गावलंय."

"जेवला काय तो?"

"तुज्यासाठी थांबलाय."

"मग मना दे ना काय तं," आई वैतागून म्हणाल्या, "त्यो उपाशी ऱ्हाईल."

मी पेज भरवली. अर्धी वाटी. शेवटचे दोन घास सिस्टरनी माझ्याकडून चमचा घेऊन स्वतः भरवले. मी बाहेर जाऊन उभी राहिले तर त्या मागून आल्या आणि नाक ओढत मलाच म्हणाल्या, "डबा टेबलाखाली ठेवा म्हटलं होतं ना?"

घरी

नळी घालायची वेळ आली नाही. भ्रम हळूहळू उतरला, आजार राहिला. आई घरी आल्या, काठी घेऊन चालायलाही लागल्या. बाबांना त्यांनी पुन्हा नवरा म्हणून ओळखलं का? सांगणं कठीण आहे. कधी लाजायच्या, कधी "हे बाबा बरे हायत, यांना चाय दे" म्हणायच्या. बाबांनी वाईट वाटून घेणं सोडून दिलं. रोज संध्याकाळी ते गॅलरीतून आत यायचे आणि वर्दी द्यायचे, "होरी आली गो." की आई जेवायला बसल्या.

मी काय शिकले ते विचाराल तर फार नाही. त्यांच्याशी वाद घालू नका. त्या ज्या गावात आहेत तिथे तुम्ही जा, त्यांना ओढून इकडे आणू नका. हॉस्पिटलात जाण्याआधी सिस्टरना सांगा की आमचं माणूस कशाला घाबरतं, कशाने शांत होतं. आणि अंगावरचं काही उतरवायचं असेल तर आधी दाखवून, सांगून, घरच्याच हाताने उतरवा. बाकी चिडचिड होणार, तुम्ही ओरडणार, मग रडणार. मीही खूप ओरडले. दुसऱ्या दिवशी त्यांना आठवत नसायचं, ही त्या आजाराची आपल्यावर एक मेहेरबानी.

आत्या आली

आणि मग बाबाच आधी गेले. दुपारी झोपले ते उठले नाहीत.

करंजाहून माणसं आली. बाबांची बहीण, आत्या, रीतीभातीला सगळ्यांत कडक. तिच्या मागे चार बायका. मला माहीत होतं त्या आईंच्या खोलीकडे का निघाल्या. मी दारात आडवी उभी राहिले. हरेश म्हणाला, "अलका, आज नको." मी हलले नाही.

"आत्या, त्यांच्या हाताला हात लावायचा नाही. एकदा फोडल्या होत्या, मरता मरता वाचल्यात."

"बाजूला हो पोरी," आत्या म्हणाली. "भाऊ गेला माजा. रीत हाय."

आतून आईंचा आवाज आला, "कोन रडतं गो?"

आत्या मला बाजूला सारून आत गेली. आई पलंगावर बसलेल्या. कपाळावर सकाळी बाबांसमोर मी लावलेलं कुंकू. रडून लाल झालेल्या आत्याकडे बघून त्यांचा चेहरा उतरला. डावा हात छातीशी घट्ट धरून त्यांनी विचारलं, "होरी आली नाय?"

बाहेरच्या खोलीत बाबा निजवलेले होते.

आत्या पलंगावर टेकली. तिने आईंचा हात हातात घेतला. मी डोळे मिटून घेतले.

"आली गो वयनी," आत्या म्हणाली. "आत्ताच लागली धक्क्याला. मीच बघून आले."

"मग रडता कशाला? चाय ठेवा की."

आत्या उठली, पदराने तोंड पुसलं आणि त्या चार बायकांना घेऊन बाहेर गेली. मृताच्या घरी चूल पेटत नाही. तरी तिने शेजारणीकडून चहा करून आणला आणि स्वतः आईंना पाजला.

त्यानंतर वर्दी द्यायचं काम माझ्याकडे आलं. एक्सचेंजमधून आले की पिशवी ठेवायची, गॅलरीत जाऊन यायचं आणि सांगायचं, "आई, होरी आली." कुणी म्हणतं, तू त्यांना खोटं सांगत होतीस. सांगत होते. रोज सांगत होते आणि त्या रोज पोटभर जेवत होत्या.

त्या शांतपणे गेल्या, घरीच, माझा हात हातात असताना. आत्याने येऊन हिरवं लुगडं नेसवलं, कुंकू लावलं. हाताशी आली तेव्हा मी काही सांगितलं नाही, सांगायची गरजच नव्हती. डावा हात तिने भरला आणि उजवा मोकळा ठेवला.